मंगळवारची बाजू

होळी जळाली, थंडी पळाली, म्हणतात.
यंदा थंडीला कुणी सांगितलंच नसावं.
होळीची राख अजून कोमट होती
आणि पहाटे मोटर चालू करायला गेले
तर स्टार्टरच्या पेटीचं झाकण बोटांना चावलं.

नाझऱ्याच्या शिवारात, माणच्या अंगाला,
आमची दोनशे वीस झाडं, भगवा.
आंबे बहार धरलेला. ताण दिला, पानं गाळली, पाणी सोडलं,
आणि बाग अशी फुलली
जशी वहीतली चूक मास्तरांनी
लाल पेननं पानभर गिरवावी.

इस्माईल मुलाणी रात्रीच पेट्या घेऊन आलेला,
टेम्पोत बारा, दारांना जाळी लावून.
महिन्याचं भाडं ठरलं, तेव्हाच म्हणाला,
"ताई, माशी माझी, ऊन तुमचं.
उन्हाची हमी मी देत नाही."

सोमवारी नऊ वाजले. दहा वाजले.
फळीवर एक माशी नाही.
मी गुडघे टेकून पेटीला कान लावला.
आवाज होता,
पण निघण्याचा नव्हता, थांबण्याचा होता.
सगळ्या एकमेकींत शिरून
पंख मिटलेले ठेवून नुसतं अंग थरथरवत
मधल्या पिलाव्याला ऊब देत होत्या.

हा आवाज माझ्या ओळखीचा.
लग्नाआधी, अशोक चौकात,
आमच्या भिंतीपलीकडे येमूलांचे चार माग.
रात्रपाळी असली की भिंतीला पाठ लावून बसायचे.
दहावीची भूमिती मला पाठीतून आली.

यादम्माला फोन केला.
जुन्या चादरी आहेत का गं, डागी माल?
"पाहुणे आलेत काय?"
हो, म्हटलं, दोन लाखांवर,
आणि एकही चहा घेत नाही.

संध्याकाळच्या एसटीनं गठ्ठा आला.
एका मोराला मान नव्हती,
एकीचा काठ निम्म्यातच निळा संपलेला.
पेट्यांवर घातल्या, दार तेवढं उघडं ठेवून.

मंगळवारी ढग. नदीकडून बोचरा वारा.
आता ज्यांना डाळिंब फक्त फ्रूट प्लेटमध्ये माहीत आहे त्यांना सांगते,
घंटेसारखं फूल नर, ते गळणारच.
बुडाशी मडक्यासारखं फुगलेलं, ते धरायचं.
पण त्याची तयारी दोन-तीन दिवसांची,
मग तेही वाट बघणं सोडतं.
मी नर फुलं खुडली, पाकळ्या काढल्या,
आणि एकेका मडक्याच्या तोंडाशी घासत गेले.
खुणेला देठाशी चादरीचा निळा दोरा.
छत्तीस फुलं. मान अवघडली.
छत्तीस!
बाई, माशी एवढं करून घरी जाते
आणि वर नाचून पत्ता सांगते.

बुधवारी अकरा चाळीसला ऊन पडलं.
फळीवर एक आली,
पायांत मेलेली दुसरी धरून.
ती बिनमानेच्या मोरावर टाकली,
पाय झाडले, आत गेली.
मग दोघी. मग मोजणं सुटलं.
इस्माईल काही बोलला नाही,
बिडी विझवून लांब जाऊन उभा राहिला.

श्रावणात तोडणी झाली.
व्यापाऱ्यानं एक फळ तीन नंबरच्या क्रेटमध्ये फेकलं,
वाकडं, एक गाल बसलेला.
मी ते परत उचललं.
देठाला निळा दोरा.

घरी कापलं. एका अंगाला दाणे खच्चून,
दुसरीकडे नुसता पांढरा पडदा, कोरा.
जेवढे कण लागले तेवढेच दाणे. हिशोब चोख.
मी मंगळवारभर घासलं, ते एवढं.

त्या कोऱ्या बाजूला बोट लावलं
तर अजून गार.
लेक म्हणाली, आई, फ्रिजमध्ये होतं ते.